शार्पराव आणि व्हिडिओचा प्रश्न

चष्म्याच्या दुकानाच्या पाटीचं एक दुर्दैव असतं. ज्यांना ती रस्त्याच्या पलीकडून वाचता येते त्यांना दुकानात येण्याची गरज नसते, आणि ज्यांना गरज असते त्यांना ती वाचता येत नाही. त्यामुळे या दुकानाच्या मालकांचं खरं नाव पाटीवर असूनही कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. सगळे त्यांना शार्पराव म्हणत. हे नाव रविवारच्या फोटो मंडळाने ठेवलं होतं, निम्मं आदराने आणि निम्मं वैतागून. कुणीही आपला फोटो पुढे केला, की शार्पराव तो डोळ्यांजवळ नेत, मग लांब धरत, खिशातलं भिंग काढून चारही कोपरे तपासत आणि म्हणत, छान आहे, पण शार्प नाही. मग फोटोवाला आपला फोटो घेऊन गुपचूप मागच्या खुर्चीवर जाऊन बसे.

शार्परावांकडे स्वतःचा कॅमेरा नव्हता, हे ऐकून नवा माणूस चक्रावायचा. पण कॅमेरा नसण्याचे फायदे त्यांना पक्के ठाऊक होते. ज्याच्याकडे कॅमेरा असतो त्याला फोटो काढावे लागतात, आणि फोटो काढले की त्यात चुका निघतात. शार्परावांच्या चुका काढायला कुणाला जागाच नव्हती. कॅमेऱ्यांची मासिकं ते वर्गणी भरून मागवत, इंटरनेटवरची परीक्षणं दुपारच्या सामसुमीत दुकानाच्या मागच्या टेबलावर वाचत. कुठल्या डीएसएलआरची पकड बोटांना आखूड पडते, कुठली स्वस्तातली लेन्स कडांना मऊ होते, कुठला पडदा उन्हात काळाठिक्कर दिसतो, सगळं तोंडपाठ. मंडळातल्या निम्म्या लोकांनी आपला पहिला कॅमेरा त्यांच्या सल्ल्याने घेतला होता. ते लोक आता गावभर हिंडून पाखरं आणि पोरंबाळं टिपत होते, आणि शार्पराव पुढच्या वर्षी येणाऱ्या मॉडेलची वाट बघत बसले होते.

गंमत म्हणजे, दुसऱ्याला निर्णय घ्यायला लावण्यात हाच माणूस वाकबगार होता. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड गोल चौकट चढवायची, तिच्यात एक भिंग सरकवायचं, काढायचं, दुसरं सरकवायचं आणि विचारायचं, "हे बरं, की हे?" कुणी घुटमळलं की शार्पराव चुटकी वाजवत. डोळ्याला जे वाटतं ते लगेच सांगायचं, डोकं चालवायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. दुकान खाली आणि घर वर. त्यांची बायको कधी चहा घेऊन खाली आली, की हा दंडक ऐकून हसू दाबत तशीच जिना चढायची.

आणि मग व्हिडिओ आला. तोवर या कॅमेऱ्यांत फक्त फोटो निघायचे. आता नवशिक्यांच्या मॉडेलांनाही एक लाल बटण आलं, ते दाबलं की चित्र हलू लागायचं. शार्परावांनी हे फार मनाला लावून घेतलं. मंडळात त्यांनी या विषयावर बैठक मोडेपर्यंत भाषण केलं. फोटो काढणारा हजार क्षणांतून एक निवडतो, व्हिडिओवाला हजारच्या हजार उचलून आणतो आणि निवडायचं काम बघणाऱ्याच्या गळ्यात मारतो, असा एकूण मुद्दा. बँकेतला एक कॅशियर नुकताच मंडळात येऊ लागला होता. त्याने भीत भीत विचारलं, की मुलगी चालायला लागली आहे, तर व्हिडिओ असलेला घेऊ का. शार्परावांनी त्याच्याकडे भिंगातून बघितल्यासारखं बघितलं.

"तुम्हाला सिनेमा काढायचाय का?"

सगळे खो खो हसले. कॅशियरने बिचाऱ्याने व्हिडिओ नसलेला कॅमेरा घेतला. मुलीच्या पहिल्या पावलांचे फोटो अत्यंत शार्प आले. त्या सगळ्या फोटोंत ती नुसती उभी होती.

शार्परावांच्या घरात ते, बायको आणि आई अशी तिघंच होती. आईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे मावशीलाही नाही. त्या काळी अशा मुलींना शाळेत घालायचं कुणाच्या मनातही आलं नाही, त्यामुळे दोघींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण दोघींनी लहानपणी आपली आपणच हातांची एक बोली तयार केली होती. ती कुठल्या वर्गात शिकवली जात नव्हती आणि जगात दोनच माणसांना पुरती येत होती. तिच्यात प्रत्येक माणसाला, प्रत्येक भांड्याला आणि प्रत्येक दुखण्याला खूण होती. थट्टेचे हात वेगळे, टोमण्याचे वेगळे. शार्परावांची खूण म्हणजे कानाची पाळी ओढणं, कारण तान्हे असताना ते आईच्या कानाला लोंबकळायचे.

मावशी दर वर्षी यायची आणि चांगली महिनाभर राहायची. मग दोघी भाजीची टोपली मध्ये ठेवून समोरासमोर बसायच्या. भाजी निवडायला हात लागतात आणि बोलायलाही हातच लागतात, त्यामुळे भाजी तशीच राहायची आणि स्वयंपाकाला रोज उशीर व्हायचा. शार्परावांची बायको लग्न झाल्यापासून त्या दोघींच्या मध्ये बसत आली होती. भाजी शेवटी तीच निवडायची. शार्परावांना ही बोली कामापुरती यायची. ते दारातून डोकावत, हसत आणि खाली दुकानात जात.

त्या वर्षी मावशी मोरीत घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, काठी घेऊन ती घरातल्या घरात चालू लागली, पण प्रवासाला डॉक्टरांनी साफ मनाई केली. आईने जावं म्हटलं तर तिला चक्करेचा त्रास, गाडीने वळण घेतलं की तिला सगळं जग फिरताना दिसायचं. दोघी दोन गावांना अडकून पडल्या. पत्राचा उपयोग नाही, फोनचा तर नाहीच. दोन्ही घरांतले फोन साधे होते, त्यांना नुसतं बोलता यायचं. आई खिडकीशी बसू लागली. कधी कधी तिची बोटं मांडीवर आपली आपणच हलायची, आणि कुणी आलं की थांबायची.

शार्परावांना फार वाईट वाटलं. माणूस मुळात मायाळू होता. त्यांनी जेवताना जाहीर केलं, की आता कॅमेरा घ्यायचा, आईचे झकास फोटो काढायचे आणि मावशीला पाठवायचे. एवढ्या वर्षांचा अभ्यास घरच्या माणसाच्या कामी आला नाही तर काय उपयोग, असंही ते म्हणाले. बायको म्हणाली, मग व्हिडिओवालाच घ्या. शार्पराव समजूतदारपणे हसले. ती म्हणाली, अहो, पण आई तर... तेवढ्यात त्यांनी पाण्याचा पेला उलटा ठेवून कॅमेऱ्याच्या आत उजेड कसा पडतो हे समजावायला सुरुवात केली. तिने थोडं ऐकलं आणि ती गॅस बंद करायला उठली.

कॅमेऱ्याच्या दुकानात दोन खोके काउंटरवर शेजारी शेजारी मांडले गेले. किमती जवळपास सारख्याच. एकात व्हिडिओ होता, दुसऱ्यात नव्हता, पण त्याच्यासोबतची लेन्स कोपऱ्यांना केसभर जास्त शार्प होती. शार्परावांनी दोन्ही कॅमेरे उचलले, ठेवले, पुन्हा उचलले, शटरचा आवाज कानाशी नेऊन ऐकला. दुकानदार या माणसाला चांगला ओळखून होता. तो म्हणाला, व्हिडिओवाला घ्या साहेब, नाही वापरला तर नाही वापरला. शार्पराव म्हणाले, न वापरण्याची वस्तू मी घेत नाही, आणि तिथेच त्यांनी मंडळातलं भाषण थोडक्यात पुन्हा केलं. शेजारी उभं असलेलं एक गिऱ्हाईक ते ऐकून इतकं गोंधळलं, की हातातला खोका खाली ठेवून काहीच न घेता निघून गेलं. शार्पराव व्हिडिओ नसलेला कॅमेरा घेऊन छाती काढून घरी आले.

दुसऱ्या दिवशी खिडकीच्या उजेडात खुर्ची ठेवली, मागे पांढरी चादर टांगली. शार्परावांनी आईला खुणेने सांगितलं: मावशी, तिला पाठवायचं, तू बस. आईचा चेहरा असा उजळला, की त्यांना वाटलं, फोटो आत्ताच काढून मोकळं व्हावं. ती आत जाऊन ठेवणीतले कपडे घालून आली, केस नीट केले, खुर्चीत ताठ बसली. शार्परावांनी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि आईचे दोन्ही हात वर उठून भराभर चालू लागले.

शार्परावांनी पडद्यावर फोटो बघितला. चेहरा ठीक होता, पण हातांच्या जागी नुसतं धुकं. त्यांनी शटरचा वेग वाढवला, तर फोटो अंधारला. अंधार घालवला, तर फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे उठले. आई आपली सांगतच होती, आता पुढे झुकून, भुवया उडवून, मध्येच हसून. अखेर शार्पराव कॅमेरा ठेवून तिच्याजवळ गेले, तिचे दोन्ही हात धरले, एकावर एक असे मांडीवर ठेवले आणि हलकेच थोपटले. असे राहू दे. ते मागे वळेपर्यंत हात पुन्हा वर आले होते. त्यांनी परत जाऊन पुन्हा खाली ठेवले, या वेळी जरा दाबून. आईने त्यांच्याकडे बघितलं. मग ती तशीच बसून राहिली.

तो फोटो मात्र असा आला, की शार्पराव पडद्याकडे बघतच राहिले. एकेक सुरकुती, एकेक पापणी, बुबुळात आख्खी खिडकी आणि मांडीवरच्या हातांची शीर न् शीर. आयुष्यात पहिल्यांदा ते "शार्प आहे" असं म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. मंडळाने त्याला वर्षातला सर्वोत्तम फोटो ठरवलं. कॅशियरने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. त्याची एक मोठी प्रत काढून, तिला काच आणि चौकट लावून, भरपूर कागदात गुंडाळून शार्परावांनी ती मावशीकडे रवाना केली आणि कौतुकाच्या फोनची वाट बघू लागले.

फोन आला तो मावसभावाचा. त्याचा आवाज पडला होता.

"दादा, तुझ्या आईचं आणि आमच्या आईचं काही बिनसलंय का?"

शार्परावांना काही उमजेना. मावसभावाने सांगितलं ते असं. लहानपणी दोघी भांडल्या, की जी रुसायची ती हातावर हात ठेवून ते मांडीवर टाकायची आणि समोरचीकडे एकटक बघायची. त्यांच्यात यापेक्षा मोठी शिक्षा नव्हती, कारण हात खाली गेले की बोलणं संपलं. "फोटो उघडल्यापासून आई धड जेवत नाहीये. सारखी विचारते, मी काय केलं? मी सांगून बघितलं की रागावलेली नाही, फोटोच तसा काढलाय. ऐकतच नाही. म्हणते, एवढा मोठा करून, वर काच लावून पाठवलाय, म्हणजे राग केवढा असेल."

हे आईला सांगायचं काम बायकोने केलं. तिचे हात चालत होते आणि आईची नजर शार्परावांनी घरातल्या भिंतीवर लावलेल्या त्याच फोटोच्या दुसऱ्या प्रतीकडे गेली. आधी तिने फोटोतले हात बघितले, मग स्वतःचे. ती उठली, पिशवीत दोन कपडे भरले आणि कुणी काही म्हणायच्या आत जिना उतरली. स्टँडवर जायला रिक्षात बसली, पण रिक्षा कोपऱ्यावर वळली तिथेच तिला भोवळ आली. शार्पराव धावत गेले, तिला धरून परत आणलं, पलंगावर निजवलं. तिने त्यांच्यावर राग काढला नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून पडली. शार्पराव पायथ्याशी बसले. दोघी आता थकल्या होत्या, मावशी तर अजून काठीशिवाय उभी राहत नव्हती. हा समज असाच राहिला आणि दोघींपैकी एखादीचं काही बरंवाईट झालं तर, एवढा विचार त्यांच्या मनात आला.

"मी चांगला फोटो काढला होता गं," ते बायकोला म्हणाले.

"त्या बोलत होत्या हो," ती म्हणाली. "आख्ख्या वर्षाचं साठलेलं सांगत होत्या. आणि तुम्ही त्यांचं तोंड दाबलंत."

शार्पराव त्याच पावली दुकानात गेले. या वेळी त्यांनी परीक्षण वाचलं नाही, पकड तपासली नाही, शटर कानाशी नेलं नाही. व्हिडिओवाला कॅमेरा द्या, एवढंच म्हणाले. दुकानदाराच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"सिनेमा काढायचाय का, साहेब?"

"हो," शार्पराव म्हणाले. "लवकर द्या."

तो सिनेमा तांत्रिक दृष्ट्या अगदी सुमार झाला. चादर एका बाजूने सुटलेली, उजेड मागून. बायको कॅमेऱ्याशेजारी उभी राहिली आणि तिने आईला सांगितलं, की आता हात कितीही हलू देत, आता सगळं पोचणार आहे. आईने आधी शार्परावांकडे संशयाने बघितलं. मग तिने सुरुवात केली ती कॅमेरा आपोआप बंद पडेपर्यंत. या मॉडेलला एका दमात काही मिनिटांपलीकडे चालता येत नसे. तिला मध्येच थांबवलं, तर ती चिडली. पुन्हा सुरू केलं, तर ती पुढे झुकली आणि चेहरा अस्पष्ट झाला. हात चौकटीबाहेर जात होते, परत येत होते. शार्परावांची बोटं सवयीने लेन्सच्या कड्याकडे गेली, पण ते फिरवायला गेलो आणि काही निसटलं तर, म्हणून त्यांनी हात मागे घेतला. त्यांना त्या सगळ्यातलं फार थोडं कळत होतं. औषध कळलं, फोटो कळला, आणि कानाची पाळी ओढलेली कळली. ती पाळी बऱ्याचदा ओढली गेली.

त्याची डीव्हीडी मावशीकडे गेली आणि फोन आला. मावशी जेवली होती. आता टीव्हीसमोर काठी टेकून उभी राहते, मावसभाऊ सांगत होता, आणि बहिणीला उलट उत्तरं देते. बहीण तिचं ऐकून न घेता आपलंच पुढे रेटते म्हणून भडकते. त्याने चित्र थांबवायचं बटण दाखवल्यापासून भांडण जरा रीतसर चाललंय. तिचं उत्तरही तो पाठवणार होता, कुणाचातरी व्हिडिओ कॅमेरा मागून आणला होता. शार्परावांच्या छातीवरचं ओझं उतरलं. फोन ठेवता ठेवता मावसभाऊ म्हणाला, "पण दादा, मध्ये एका जागी आई परत परत थांबवते आणि डोळे पुसते. तिथे तुझी खूण आहे. तुझी आई काय म्हणतेय रे तिथे? आम्हाला काही कळेना."

शार्पराव म्हणाले, बघून सांगतो.

त्यांनी आपल्याकडची प्रत टीव्हीवर लावली. ती जागा आली. अंधुक चेहऱ्याच्या आईने कान ओढला, मग कॅमेऱ्याकडे बघत काहीतरी सांगितलं, पुन्हा कान ओढला, आणि तिचे हात सावकाश, छोटे छोटे झाले. त्यांनी चित्र थांबवून मागे नेलं. पुन्हा बघितलं. काही कळलं नाही. बायको दारात कपड्यांच्या घड्या करत उभी होती. तिला सगळं कळलं होतं, ते काढतानाच कळलं होतं, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

"काय म्हणतेय?"

"राहू दे ना."

"सांग."

तिने हातातली घडी खाली ठेवली. "म्हणतायत, त्याच्यावर रागावू नकोस, त्याला कळलं नाही. लहान होता तेव्हा दिवसभर माझ्याशी बोलायचा, तुला आठवत असेल. झोपेतसुद्धा हात हलवायचा." ती थांबली. "मग त्याला तोंडाने बोलता यायला लागलं, आणि मला सोडून सगळ्यांशी बोलायला लागला."

शार्परावांनी टीव्ही बंद केला. मग ते उठून आतल्या खोलीत गेले. आई खिडकीशी बसली होती. ते तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी दोन्ही हात वर घेतले. लेन्सच्या कोपऱ्यांवर बैठक मोडेपर्यंत बोलणारा हा माणूस, पण हातांना सांगण्यासारखं काही सुचेना. औषध घेतलंस का, किल्ली कुठे आहे, एवढ्यावरच त्यांची बोली येऊन थांबली होती. शेवटी जे येत होतं तेच त्यांनी विचारलं, की जेवलीस का.

दोघांनी नुकतंच शेजारी बसून जेवण केलं होतं. आईने त्यांच्याकडे निरखून बघितलं आणि तिला हसू फुटलं. मग ती खुर्चीत सरळ झाली आणि काहीतरी लांबलचक सांगू लागली. शार्परावांना त्यातलं अक्षरही कळलं नाही. तिचे हात थांबल्यावर त्यांनी हातानेच सांगितलं, परत. आई पहिल्यापासून सांगू लागली.